सुट्टीवाल्यांची खुंटी

माझ्या दुकानात तीन खुंट्या आहेत. एकीवर तयार कपडे, दुसरीवर ट्रायलचे. तिसरी दाराशी, एकटी, लाकडाची. तिच्यावर फक्त फौजेतल्या माणसाचे कपडे लागतात. दुसऱ्या कोणी लावले तर काढून हातात देतो, मग तो नगरसेवक का असेना.

मी चौथी शिकलेला शिंपी. कात्री सरळ चालते, पेनाचं सांगता येत नाही. या अंकाचे संपादक माझं जुनं गिऱ्हाईक. "मास्तर, धंद्यातलं काहीतरी लिहा" म्हणून दोन वर्षं मागे लागले होते. शुद्धलेखन त्यांनी सुधारायचं, मजकुराला हात लावायचा नाही, या बोलीवर बसलो आहे.

दुकान नालासोपारा पश्चिमेला, गासकडे जाणाऱ्या रस्त्यावर. पॅन्ट आणि शर्ट, बाकी काही नाही. कापणं आणि मशीन माझ्याकडे. काजं, बटणं आणि तुरपाई बायकोकडे. इंदू तिचं नाव. माहेर सांडोरचं, केळीच्या बागेत वाढलेली, बोलायला तिखट. तुरपाई म्हणजे पॅन्टच्या खालची दुमड आतून हाताने शिवतात ती. कापडाचा एकेकच धागा सुईवर उचलायचा, म्हणजे टाका बाहेर दिसत नाही. ऐकायला सोपं आहे. इंदूचा टाका मला इतक्या वर्षांत बाहेरून एकदाही दिसला नाही. माझा टाका रस्त्यावरून दिसतो.

ती जाऊन दीड वर्ष झालं.

खुंटी तिने ठोकायला लावली. गासचा एक पोरगा फौजेत होता, साखरपुड्यासाठी सुट्टीवर आलेला. आल्याच्या दुसऱ्या दिवशी शर्टाचं कापड देऊन गेला. शिंप्याची जात सगळ्यांना माहीत आहे. मी म्हटलं, परवा या. परवा आला, म्हटलं, परवा या. साखरपुडा त्याने जुन्या शर्टात केला. शेवटच्या दिवशी खांद्याला बॅग लावूनच दुकानात आला, दुपारची गाडी होती. शर्टाला अजून बाह्या नव्हत्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "राहू द्या मास्तर, पुढच्या सुट्टीला नेतो." पुढची सुट्टी अकरा महिन्यांनी मिळाली. तोवर पोरगा इतका वाळला होता की शर्ट दोन इंच सैल झाला.

तो बॅग घेऊन गेला त्या दिवशी इंदू काजं करत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमचं परवा या बाकीच्यांना चालतं. त्याचा परवा सरकारनं मोजून दिलेला असतो."

दुसऱ्या दिवशी तिने माहेरून खुंटी आणली आणि हातोडा माझ्या हातात दिला. तेव्हापासून नियम झाला, सुट्टीवाल्याचं काम रांगेत थांबत नाही.

दिवाळीच्या घाईत यावरून भांडणं व्हायची. एक फ्लॅटवाले साहेब तावातावाने म्हणाले, "हा माझ्या मागून आला, ह्याचं आधी कसं?" इंदू म्हणाली, "भाऊ, तुमी बारा महिने हितंच हाव ना? मग बसा. चहा घेनार?" साहेब बसले. चहाही घेतला.

फसवणारेही यायचे. एकाने पुतण्या फौजेत आहे सांगून स्वतःच्याच पोटाच्या मापाची पॅन्ट टाकली. इंदूने विचारलं, "कुठं असतो पुतन्या?"

"ते गुप्त आहे काकी."

"मग पॅन्ट पन गुप्तच राहू दे," म्हणून कापड परत केलं.

पाचूबंदरची एक कोळीण मावशी यायची, मुलगा नौदलात. तो यायच्या आधीच कपडे शिवून ठेवा म्हणायची. मी म्हटलं, "मावशी, माप?" ती म्हणाली, "माप माज्या डोल्यांत हाय," आणि दोन हात पसरून दाखवलं. त्या मापाने सुरमई आली असती. तरी अंदाजाने पॅन्ट शिवली, आणि पोराला बसली. मावशी कोळंबी घेऊन आली आणि वर मलाच म्हणाली, "तुला बोललू व्हतू ना?"

आता मुख्य गोष्ट सांगतो, कारण त्यात मी चुकलो होतो.

एका संक्रांतीनंतर नायगावहून एक बाई आल्या. हातात राखाडी सुटाचं कापड आणि नवऱ्याची जुनी पॅन्ट. नवरा साताऱ्याकडचा, फौजेत हवालदार. सीमेवर सुरुंगावर डावा पाय पडला, मांडीपासून गेला. पुण्याला लष्कराच्या दवाखान्यात नकली पाय बसवला. घरात त्यावर चांगला चालायचा, पण लुंगी लावून. दोन वर्षं झाली, घराच्या दाराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं.

"सोसायटीने सत्कार ठेवलेला," वहिनी म्हणाल्या. "शाल, नारळ, सगळं. पण ठेवला गच्चीवर. लिफ्ट गच्चीपर्यंत जात नाही. मग घरी येऊन शाल देऊन गेले, फोटो काढले. त्यानंतर तर बेल वाजली की हे आतल्या खोलीत जातात."

उन्हाळ्यात त्यांच्या पलटणीच्या जुन्या लोकांचा मेळावा होता. गाडीने दीड दिवसाचा प्रवास. ज्या माणसांनी त्यांना त्या दिवशी खांद्यावर घालून खाली आणलं, ते सगळे येणार होते. हवालदार म्हणत होते, जाईन तर पॅन्ट घालून, उभा राहून भेटेन. नाहीतर नाही.

"या वेळी गेले नाहीत ना मास्तर, तर पुन्हा कुठेच जाणार नाहीत. मला माहीत आहे," वहिनी म्हणाल्या. गासच्या त्याच पोराने त्यांना खुंटीबद्दल सांगितलं होतं.

कापड खुंटीला लावलं. तीन दिवसांत पॅन्ट शिवून दिली.

आता शिंप्याचा धंदा काय असतो ते सांगतो. अर्धं काम शिवण्याचं आणि अर्धं लपवण्याचं. पोट सुटलं असेल तर चुण्या टाकायच्या, पाय वाकडे असतील तर घेर वाढवायचा. माणसाच्या अंगात काही कमी दिसलं की शिंप्याचा हात आपोआप कापड वाढवतो. मी जुन्या पॅन्टवरून माप घेतलं आणि डावा पाय ढगळ ठेवला, आतलं काही दिसू नये म्हणून. मला वाटलं, पुण्याचं काम केलं.

चौथ्या दिवशी हवालदारांचा व्हिडिओ कॉल आला. पहिल्यांदाच तोंड बघत होतो. मिशी कोरलेली, डोळे लाल.

"मास्तर, ही पॅन्ट आहे का झेंडा? काठीला गुंडाळल्यासारखी दिसते."

मी म्हटलं, "साहेब, आतलं दिसू नये म्हणून..."

"लपवायचं असतं तर लुंगी होती की माझ्याकडे."

मला राग आला. इतकी वर्षं धंदा केला, दया म्हणून जास्त कापड घातलं आणि वर हे ऐकायचं. फोन ठेवला आणि इंदूला म्हटलं, "फौजी असला म्हणून काय झालं, पॅन्टमधलं मला शिकवतो?"

इंदू म्हणाली, "माप कोनाचं घेतलं व्हतं?"

"त्यांच्याच जुन्या पॅन्टचं."

"ती पॅन्ट दोन पायांची व्हती."

तिने सुईदोऱ्याच्या डब्याला झाकण लावलं, टेप पिशवीत टाकली आणि म्हणाली, "चला नायगावला."

खाडीच्या बाजूला ते नवे टॉवर आहेत, त्यात अकराव्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट. हवालदार खुर्चीत लुंगी लावून बसलेले. आम्हाला बघून आत जायला उठले, तेवढ्यात इंदू म्हणाली, "उठलात ते बरं झालं. आता पुन्ना बसा. बघू कसे बसता."

हवालदार थांबले. "काकी, मुलगी बघायला आलात का?"

"मुलगी असती तर चालून पन दाखवाया सांगितलं असतं."

हवालदार हसले. वहिनींनी दारातच उभ्या राहून तोंडाला पदर लावला. मग हवालदार चालले. दारापासून खिडकीपर्यंत आणि परत. मी शिंपी असून पहिल्यांदा माणसाला चालताना मापलं. आम्ही माप उभ्याचं घेतो आणि माणूस दिवसभर बसलेला असतो, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

त्या दिवशी बरंच कळलं. नकली पाय हा बुटाच्या टाचेच्या उंचीवर बेतलेला असतो. म्हणजे माप बूट घालूनच घ्यायचं, अनवाणी घेतलं की चुकलं. गुडघा लोखंडाचा, तिथे कापड आतून झिजतं, म्हणून अस्तर पाहिजे. बसलं की खऱ्या गुडघ्याजवळ कापड सरकतं, नकलीजवळ अडतं. पण मुख्य गोष्ट हवालदार बोललेच नाहीत. ती इंदूने स्वयंपाकघरातून काढून आणली.

वहिनींनी तिला सांगितलं होतं की नकली पायाच्या खोबणीत घाम साचतो. तीन-चार तासांनी पाय काढून, मांडी कोरडी करून पुन्हा बसवावा लागतो, नाहीतर कातडी सोलते. आणि पाय काढायचा म्हणजे अख्खी पॅन्ट उतरवायची. लुंगीत काही अडचण नाही. पण गाडीत, मेळाव्यात, शंभर माणसांत कुठे उतरवणार? लाज पायाची नव्हतीच. दोन वर्षं हा माणूस त्या एका अडचणीने घरात बसला होता, आणि आजूबाजूचे सगळे त्याला धीर देत होते. धीराचा काय उपयोग? त्याला आडोसा पाहिजे होता.

परत येताना आम्ही रिक्षात होतो. सोपारा आला तशी इंदू म्हणाली, "दुलईच्या खोळीला चेन असते."

"मग?"

"पायाच्या आतल्या शिवनीला लावली तर? वर मांडीपासून खाली टाचेपर्यंत. बसल्या जागी उघडली, पाय काढला, पुसला, लावला, बंद केली. वरून एक पंचा टाकला की झालं."

मी म्हटलं, "पॅन्टच्या पायाला चेन? लोक हसतील."

"तुमच्या पॅन्टला पुढं आहे की एक. कोन बघतं?"

रिक्षावाला इतका हसला की खड्ड्यातून गेला.

ती ढगळ पॅन्ट कामाला आली. तिच्यावरच प्रयोग केले. पहिली चेन धातूची लावली, ती गुडघ्याच्या वळणावर अडकली आणि दात मांडीकडे लागायला लागले. प्लास्टिकची आणली, आतून कापडाची पट्टी दिली. दुसऱ्या वेळी उभं राहिल्यावर छान, पण बसलं की शिवण ताणायची. प्रत्येक वेळी आम्ही नायगावला जायचो. वहिनी पोहे करायच्या. हवालदार आता बेल वाजली की स्वतः दार उघडायचे. "आली परेड," म्हणायचे. तिसऱ्या वेळी त्यांनी खुर्चीत बसून पाय काढला, बसवला, चेन लावली आणि उभे राहिले. घड्याळ बघितलं नाही, पण इंदूचा अर्धा कप चहा उरला होता, तो संपायच्या आत झालं. बाहेरून फक्त पॅन्ट दिसत होती.

मग खऱ्या कापडाची पॅन्ट कापली. सरळ, दोन्ही पाय सारखे, ढगळ काही नाही. मशीनचं काम माझं झालं. इंदूने उजव्या पायाची तुरपाई केली आणि सुई ठेवली. "डाव्याला खाली चेन येते. सकाळच्या उजेडात करीन." तिला काही दिवस दम लागत होता. मी म्हणायचो डॉक्टरला दाखवू, ती म्हणायची पॅन्ट झाली की दाखवू.

सकाळी उजेड आला, पण ती उठू शकली नाही. दवाखान्यात नेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेली.

यावर जास्त लिहिणार नाही. लिहिता येत नाही.

दुकान बंद ठेवलं. मुलगी पुण्याहून आली, दिवस झाले, गेली. मी एकदा शटर अर्धं वर करून आत गेलो. खुंटीला पॅन्ट तशीच, एक पाय शिवलेला, एक उघडा. तिच्या डब्यात सुईला दोरा ओवलेला तसाच. मी बाहेर आलो. मेळाव्याला थोडे दिवस उरले होते, मला माहीत होतं. वहिनींचा फोन आला, त्या इंदूबद्दल रडल्या, पॅन्टचं अक्षर काढलं नाही. खुंटी ठोकल्यापासून फौजीचं काम पहिल्यांदा थांबलं, आणि ते मी थांबवलं होतं. हे कळत होतं तरी हात उचलत नव्हता.

एक दिवस अकराच्या सुमारास मी दुकानात शटर अर्धं ओढून नुसता बसलो होतो. बाहेर रिक्षा थांबली. काठीचा आवाज आला. मग माणसाचा.

"मास्तर, शटर वर करा. मला वाकता येत नाही."

हवालदार. लुंगीत, एकटे. नायगावहून रिक्षा करून आलेले. दोन वर्षांत पहिल्यांदा बाहेर पडले ते असे.

मी शटर वर केलं. ते बसले इंदूच्या स्टुलावर. गिऱ्हाइकाला तिथे कोणी बसू देत नसे, पण त्यांना मी बसू दिलं. देवाची मर्जी, झालं गेलं, असलं त्यांनी एकही वाक्य टाकलं नाही. फौजेत माणसं गमावलेला माणूस होता, त्याला माहीत असणार.

मीच म्हटलं, "पॅन्ट राहिली."

"पॅन्टसाठी नाही आलो."

"एकच पाय राहिला."

"माझाही एकच राहिलाय. त्याचं काय?"

इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा हसलो. हसता हसता दुसरंच झालं. हवालदार खुंटीकडे बघत राहिले, मी तोंड धुऊन येईपर्यंत.

मग मी पॅन्ट काढली. तिची सुई घेतली. पहिलाच टाका चेनवर गेला. म्हटलं, "माझी तुरपाई दिसते. ती करायची ती दिसत नसे."

"आणा इकडे," हवालदार म्हणाले. "फौजेत बटण लावायला काकी येत नाहीत. सगळं आमचं आम्हीच."

त्यांनी पॅन्ट मांडीवर घेतली आणि इंदूच्या दोऱ्याने तुरपाई केली. अर्धा तास लागला. टाके जाड, सारख्या अंतरावर, परेडला उभे केल्यासारखे. प्रत्येक टाका बाहेरून दिसत होता. दोरा तिथेच संपला. त्यांनी दाताने तोडला आणि म्हणाले, "मास्तर, बघून घ्या. रागवायचं नाही."

पडद्यामागे जाऊन घालून आले. मी सवयीने खाली बसलो आणि टाचेवर पॅन्ट कशी पडते ते बघितलं. बरोबर पडली होती. दोन्ही पाय सारखे. हवालदार आरशासमोर उभे राहिले, काठी न धरता. लुंगीची घडी घालून पिशवीत टाकली आणि तसेच रस्त्यावर निघाले. समोरच्या भाजीवाल्याने काही बघितलं नाही. एक उंच माणूस रिक्षात बसतोय, एवढंच त्याला दिसलं. हवालदारांना नेमकं तेच पाहिजे होतं.

मेळाव्याहून त्यांचा फोन आला. मागे इतका गोंगाट की अर्धं ऐकू येईना.

"मास्तर, चेन उघडून दाखवून दाखवून हात दुखला माझा!"

"पायाचं कोणी काही विचारलं?"

"पायाचं कोण विचारतो? पॅन्ट कुठे शिवली ते विचारतात. अजून चौघांना पाहिजे आहे. आणि मास्तर, ज्यांनी मला खाली आणलं ना, त्यांच्याबरोबर उभा राहून फोटो काढला. मी मधोमध."

त्या चौघांचे पुढे अकरा झाले. कापडं कुरिअरने येतात. माणसं लांबची असतात, तेव्हा व्हिडिओवर माप घेतो. पहिलंच सांगतो, बूट घाला, बसा, उठा, चालून दाखवा. एक सुभेदार म्हणाले, "मास्तर, मुलगी बघताय का?" मी म्हटलं, ही विचारायची पद्धत आमच्या घरची आहे.

लोक मला म्हणतात, मास्तर, आम्हालाही जवानांसाठी काहीतरी करायचं असतं, पण आम्ही साधी माणसं, काय करणार? मी म्हणतो, तुम्ही जे काम करता तेच त्यांचं आधी करा आणि वेळेवर करा. आणि माणसाला विचारा. आधी विचारा, मग शाल आणा. मी न विचारता कापड वाढवलं होतं, म्हणून सांगतो. हवालदारांच्या सोसायटीने आता कार्यक्रम खाली आवारात ठेवायला सुरुवात केली आहे. गेल्या वेळी झेंडावंदनाला हवालदार स्वतः दोरी धरायला उभे होते. मी गेलो होतो. पॅन्टला इस्त्री कडक होती.

आता मी दुपारचा डबा एकटा उघडतो, पण मंगळवारी नाही. मंगळवारी हवालदार येतात. काजं करतात, बटणं लावतात, माझ्या रेडिओला नावं ठेवतात. तुरपाईला मी त्यांना हात लावू देत नाही, तेही माझ्या तुरपाईला नावं ठेवतात. दोघांचीही रस्त्यावरून दिसते. गिऱ्हाईक काही बोलत नाहीत. बोललं तर मी कात्री खाली ठेवून बघतो.

गेल्या महिन्यात ते ती राखाडी पॅन्ट घेऊन आले. डाव्या पायाची तुरपाई उसवली होती. नकली पावलावर घासून घासून दोरा तुटला होता.

"दोन्ही पाय नव्याने करून टाका मास्तर," ते म्हणाले. "म्हणजे सारखे दिसतील."

मी पॅन्ट उलटी केली. उजव्या पायाची दुमड उजेडात धरली. इतक्या धुण्यांनंतर एक टाका हललेला नव्हता. बाहेरून बघितलं, काही दिसत नव्हतं.

"डावा करतो," मी म्हटलं. "उजव्याला काही झालेलं नाही."

हवालदारांनी मान हलवली आणि माझ्यासाठी सुईत दोरा ओवून दिला.